दुसऱ्या पसंतीचा माणूस

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांना अब्राहम लिंकन भेटतो तो बहुधा भिंतीवर. मुलाच्या मुख्याध्यापकांना त्याने लिहिलेले म्हणून जे पत्र वसंत बापटांच्या मराठीतून घरोघर पोचले, ते शाळांच्या कार्यालयांत, दवाखान्यांत, शिकवणीच्या वर्गांत टांगलेले आपण सर्वांनीच पाहिले आहे. ते लिंकनने लिहिल्याचा कसलाही पुरावा नाही. त्याच्या संग्रहित लेखनात ते सापडत नाही. त्याच्या शेजारी कधीकधी दुसरा एक तक्ता असतो, लिंकनच्या अपयशांचा. दुकान बुडाले, निवडणूक हरला, पुन्हा हरला, आणि अखेर राष्ट्राध्यक्ष झाला. हा तक्ता खोटा नाही, पण अर्धा आहे. इलिनॉयच्या विधिमंडळात तो ओळीने चार वेळा निवडून आला होता, पन्नाशीला पोचेपर्यंत राज्यातल्या आघाडीच्या वकिलांत गणला जात होता, यातले काही त्यात नसते. खातेवहीत फक्त नावेची बाजू भरावी आणि जमेची कोरी सोडावी, त्यातला हा प्रकार.

मला लिंकनच्या चरित्रात सर्वांत जास्त गुंतवून ठेवतात ते मे १८६० मधले तीन दिवस. तारीख १६ ते १८. शिकागो शहरात लाकडी फळ्यांचा एक प्रचंड मंडप खास या कामासाठी उभारला होता आणि त्यात रिपब्लिकन पक्षाचे साडेचारशेहून अधिक प्रतिनिधी अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला बसले होते. माझी उमेदीची वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. समोरच्या माणसाची पत कशावरून ठरवायची, त्याच्या बाजूचे काय आणि विरुद्धचे काय, हा माझा रोजचा धंदा होता. त्यामुळे त्या मंडपात कोणाचे काय तोलले गेले, हे मी कादंबरीकाराच्या कुतूहलाने वाचायला घेतले आणि बँकवाल्याच्या नजरेने वाचून संपवले.

आधी हिशेब समजून घ्यायला हवा, कारण त्या माणसांनी तो पाठ केला होता. रिपब्लिकन पक्ष तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा होता. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरीला दार उघडून दिले, त्या संतापातून तो जन्मला. मोडलेल्या व्हिग पक्षाचे लोक, डेमोक्रॅटिक पक्ष सोडून आलेले, गुलामगिरी मुळापासून उखडू पाहणारे आणि परदेशातून येणाऱ्या कॅथलिकांवर राग असणारे, अशा चार वाटांनी आलेली ही माणसे एका मांडवात बसली होती. १८५६ मध्ये त्यांचा पहिला उमेदवार जॉन फ्रेमाँट याला ११४ निर्वाचक मते मिळाली; जिंकायला १४९ लागत होती. उत्तरेतली जी मोठी राज्ये हातची गेली ती होती पेनसिल्व्हेनिया, इंडियाना, इलिनॉय आणि न्यू जर्सी. १८६० मध्ये जिंकायला १५२ मते हवी होती. मागची ११४ टिकवायची, नव्याने राज्य झालेल्या मिनेसोटाची ४ त्यात धरायची, पेनसिल्व्हेनियाची २७ मिळवायची, की उरलेल्या तिघांपैकी कोणतेही एक राज्य पुरे होते. तिकडे डेमोक्रॅटिक पक्षाचे एप्रिलमधले अधिवेशन गुलामगिरीच्याच प्रश्नावर फुटले होते. म्हणजे उमेदवारी मिळणे आणि अध्यक्ष होणे यांत फार अंतर उरले नव्हते. प्रश्न एवढाच होता, की या चार राज्यांत चालेल असा माणूस कोण?

पहिले नाव अर्थातच विल्यम सिवर्डचे. न्यूयॉर्कचा माजी गव्हर्नर, अकरा वर्षे सिनेटर, पक्षाचा सर्वांत मोठा नेता. अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी त्याला एकोणसाठ वर्षे पूर्ण झाली. ऑबर्नच्या त्याच्या घरात पळून आलेल्या गुलामांना आसरा मिळत असे. स्वतः गुलामगिरीतून पळून आलेल्या आणि इतरांना सोडवून आणणाऱ्या हॅरिएट टबमनला त्याने घर आणि जमीन विकली होती. त्याच्यामागे थर्लो वीड नावाचा मुरलेला राजकारणी होता आणि न्यूयॉर्कची सत्तरच्या सत्तर मते होती. यापेक्षा भक्कम अर्ज कोणाचा असणार? पण दुसरी बाजू पाहा. गुलामगिरी आणि मुक्त श्रम यांच्यातला झगडा अटळ आहे, असे तो १८५८ मध्ये एका भाषणात म्हणून गेला होता, आणि त्याआधी १८५० मध्ये राज्यघटनेहून वरचा असा एक कायदा असल्याचे सिनेटमध्ये बोलला होता. या दोन वाक्यांनी त्याच्यावर जहाल असा शिक्का बसला. शिवाय गव्हर्नर असताना कॅथलिक स्थलांतरितांच्या शाळांना सरकारी मदत द्यावी असे त्याने सुचवले होते. ते पेनसिल्व्हेनिया आणि इंडियानातले लोक विसरले नव्हते. त्या दोन्ही राज्यांत गव्हर्नरपदासाठी उभे असलेले अँड्र्यू कर्टिन आणि हेन्री लेन शिकागोत प्रत्येकाला गाठून सांगत होते, की सिवर्ड आला तर आम्ही बुडालो. माझ्या मते सिवर्डला सर्वांत महाग पडले ते हेच. त्याच्या लायकीबद्दल कोणालाच शंका नव्हती. पण त्याच्या नावावर स्वतःची निवडणूक लावायला ही माणसे तयार नव्हती.

आणखी एक माणूस त्याच्या मुळावर होता. न्यूयॉर्क ट्रिब्यूनचा संपादक होरेस ग्रीली. वीड आणि सिवर्ड यांनी आपल्याला वर येऊ दिले नाही, असा त्याचा जुना राग. न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींत त्याला जागा मिळणे शक्य नव्हते, तर तो दूरच्या ओरेगॉनचा प्रतिनिधी म्हणून आत शिरला. मिठाला न जागणाऱ्यापेक्षा मीठ न मिळालेला माणूस जास्त घातक असतो, हे कुठल्याही कचेरीत नोकरी केलेल्याला सांगायला नको.

दुसरा सॅमन चेस. ओहायोचा गव्हर्नर झालेला, सिनेटर राहिलेला, पळालेल्या गुलामांचे खटले विनामूल्य लढवणारा. बुद्धिमान, देखणा, धार्मिक, आणि आपणच अध्यक्ष व्हायला जन्मलो आहोत याबद्दल निःशंक. तीन बायका एकामागून एक वारल्या होत्या, आणि ते दुःख त्याने सार्वजनिक कामात आणि महत्त्वाकांक्षेत बुडवले होते. त्याची भूमिका सिवर्डहून जहाल होती आणि आयात मालावरच्या जकातीबाबतची जुनी मते पेनसिल्व्हेनियाच्या लोखंडवाल्यांना मानवणारी नव्हती. पण याहून वाईट गोष्ट अशी, की त्याचे स्वतःचे राज्य त्याच्यामागे एकदिलाने उभे नव्हते. पहिल्या फेरीत ओहायोच्या ४६ मतांपैकी त्याला ३४ पडली. घरचेच जामीन राहत नसतील तर बाहेरच्याने का राहावे?

तिसरा एडवर्ड बेट्स, मिसूरीचा, सहासष्ट वर्षांचा, ग्रीलीचा लाडका. स्वतः कधीकाळी गुलाम बाळगलेला, म्हणून सीमेवरच्या राज्यांना चालेल अशी अटकळ. पण स्थलांतरितविरोधी गटाशी त्याची जवळीक झाली होती, आणि पश्चिमेकडच्या जर्मन मतदारांनी त्याच्या नावावर फुली मारली. चौथा पेनसिल्व्हेनियाचा सायमन कॅमेरॉन. त्याच्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर राज्य त्याच्या खिशात होते, आणि खिशाबद्दलच लोकांना शंका होती.

आता लिंकन. १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकीत ओंडक्यांच्या झोपडीत जन्म. नऊ वर्षांचा असताना इंडियानाच्या जंगलात आई गेली. शाळेचे दिवस सगळे मिळून वर्षभरही भरले नसतील. सावत्र आई सारा हिने मात्र या मुलाला जीव लावला. त्यानेही तो आयुष्यभर परत केला. वडिलांशी त्याचे कधी जमले नाही. बाविसाव्या वर्षी तो इलिनॉयमधल्या न्यू सेलम नावाच्या वीस-पंचवीस घरांच्या वस्तीत आला. तिथे त्याने जे केले, त्यापाशी मी नेहमी थांबतो.

विल्यम बेरी या भागीदाराबरोबर त्याने किराणा दुकान घेतले. रोख पैसा दोघांकडेही नव्हता. दुकान घेतले ते प्रॉमिसरी नोटांवर, म्हणजे पुढे पैसे देऊ या लेखी वचनावर. गाव वाढलेच नाही, भागीदाराला दारूचे व्यसन, दुकान बसले. १८३५ च्या आरंभी बेरी वारला आणि दोघांचे मिळून सुमारे ११०० डॉलरचे देणे एकट्या लिंकनच्या अंगावर आले. त्या काळच्या सरहद्दीवरच्या मुलखात अशा वेळी रीत ठरलेली होती, रात्रीतून गाव सोडायचे. पश्चिमेला जमीन अफाट होती आणि कोणी कोणाला शोधत जात नसे. लिंकन गेला नाही. एका सावकाराने दावा लावून त्याचा घोडा आणि जमीन मोजण्याची हत्यारे जप्त करवली. एका शेतकरी मित्राने ती लिलावात घेऊन त्याला परत दिली. आपल्या या कर्जाला तो थट्टेने राष्ट्रीय कर्ज म्हणायचा. ते फेडायला कित्येक वर्षे लागली, पण भागीदाराच्या वाट्यासह फेडले. याच गावात तो पोस्टमास्तर होता. पोस्ट बंद झाल्यावर उरलेली थोडी सरकारी रक्कम त्याने जुन्या मोज्यात बांधून ठेवली, आणि पुढे अडचणीच्या दिवसांत सरकारी माणूस ती मागायला आला तेव्हा तीच नाणी मोजून दिली, असे सांगतात.

बुडालेले दुकान अपयशांच्या तक्त्यात पहिले असते. कर्जाच्या अर्जात मी ते उलट्या बाजूला लिहिले असते. धंदा बुडणे हा गुन्हा नाही. बुडाल्यावर माणूस कुठे सापडतो, हे पाहायचे असते. हजारो फायली हाताखालून गेल्यावर माझे असे मत झाले आहे, की कधीच न बुडालेल्या कर्जदाराबद्दल आपल्याला फार थोडे माहीत असते.

पुढची हकिकत भरभर सांगता येते. १८३४ मध्ये तो विधिमंडळात गेला, उसनी पुस्तके वाचून वकील झाला, १८३७ मध्ये स्प्रिंगफील्डला आला, १८४२ मध्ये केंटकीतल्या सधन घरातल्या मेरी टॉडशी त्याचे लग्न झाले. १८४७ ते १८४९ एवढी एकच मुदत तो प्रतिनिधिगृहात होता. मेक्सिकोबरोबरच्या युद्धाला विरोध करून त्याने घरची मंडळी नाराज केली. मग पाच वर्षे फक्त वकिली. १८५४ च्या कायद्याने त्याला परत राजकारणात खेचले. १८५५ मध्ये सिनेटच्या जागेसाठी पहिल्या फेरीत त्याला ४४ मते होती आणि लायमन ट्रंबुलला फक्त ५. पण ट्रंबुलची पाच माणसे हलेनात, आणि भलताच माणूस निवडून येईल असे दिसताच लिंकनने आपली मते ट्रंबुलला देऊन टाकली. हरला, पण ट्रंबुलची माणसे त्याची कायमची ऋणी झाली. त्यांपैकी नॉर्मन जड हा पाच वर्षांनी शिकागोत त्याच्या बाजूने राबत होता. १८५८ मध्ये स्टीफन डग्लसशी सात गावांत सात जाहीर वादविवाद झाले. विधिमंडळाने ५४ विरुद्ध ४६ मतांनी डग्लसलाच सिनेटवर पाठवले, मात्र त्या वादांचे वृत्तान्त वृत्तपत्रांतून देशभर गेले. फेब्रुवारी १८६० मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये भाषण करून त्याने पूर्वेकडच्या शहाण्यांनाही चकित केले.

या वादविवादांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट झाकून ठेवू नये. इलिनॉयमधल्या चार्ल्सटन गावी झालेल्या चौथ्या वादात लिंकनने काळ्या माणसांना सामाजिक आणि राजकीय समता देण्याच्या आपण बाजूने नाही, असे स्वच्छ सांगितले होते. गुलामगिरी अन्याय आहे, ती पसरू देता कामा नये, हे तो तितक्याच ठामपणे म्हणे. आज आपल्याला यातली पहिली गोष्ट बोचते. त्या वेळच्या इंडियाना-इलिनॉयच्या मतदारांपुढे तीच त्याची जमेची बाजू होती. तराजू त्याच गावचा, वजनेही त्याच गावची.

तर शिकागोतल्या पाचांपैकी लिंकनच्या फायलीत काय होते? कारभाराचा अनुभव शून्य. केंद्रात दोन वर्षे. सिनेटच्या दोन निवडणुका हरलेला. सहा फूट चार इंच उंची, अंगावर न बसणारे कपडे, किनरा आवाज. पण विरोधात बोलणारा कोणी नाही. जर्मनांना चालत होता, स्थलांतरितविरोध्यांना त्याच्याविरुद्ध काही सापडत नव्हते, जहालांना तो मवाळ वाटला तरी आपला वाटत होता, आणि इलिनॉय त्याचे घरच होते. हे त्याला पुरते ठाऊक होते. आपण कोणाचीच पहिली पसंती नाही, तेव्हा कोणाला दुखवायचे नाही, म्हणजे आपापले लाडके नाव सोडायची पाळी आली की लोक आपल्याकडे वळतील, अशा अर्थाचे पत्र त्याने मार्चमध्ये ओहायोतल्या एका समर्थकाला लिहिले होते. साधाभोळा लाकूडतोड्या ही प्रतिमा तर त्याच मे महिन्यात तयार झाली. शिकागोच्या आठवडाभर आधी डिकेटर गावी राज्याचे अधिवेशन झाले, त्यात त्याचा नातेवाईक जॉन हँक्स याने कुंपणाचे दोन जुने ओंडके वाजतगाजत आणले, ते लिंकनने तरुणपणी फोडले होते म्हणे. सभा वेडी झाली. रेल्वे कंपनीकडून एका खटल्याचे ५००० डॉलर वसूल करणारा वकील त्या दिवसापासून कुंपणाचे ओंडके फोडणारा झाला. माझी खात्री आहे, की ज्या कष्टांतून सुटायला त्याने अर्धे आयुष्य घालवले त्यांची ही मिरवणूक पाहून तो मनात ओशाळला असणार. पण त्याने अडवले नाही.

अधिवेशन शिकागोत भरले हाही योगायोग नव्हता. इलिनॉयचा कोणी मोठा उमेदवार नाही, म्हणून जागा तटस्थ, असे पटवून जडने ते मिळवले होते! मंडपातली बसण्याची व्यवस्थाही त्याच्याकडेच. त्याने न्यूयॉर्कच्या मंडळींना अशा ठिकाणी बसवले, की डळमळीत पेनसिल्व्हेनियापर्यंत त्यांचा हात पोचू नये. लिंकनच्या बाजूची सूत्रे न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस याच्याकडे होती. दीडशे किलोच्या आसपासचा हा गृहस्थ इलिनॉयच्या फिरत्या न्यायालयात वर्षानुवर्षे लिंकनबरोबर गावोगाव हिंडला होता. त्याने ट्रिमाँट हाउस हॉटेलात ठाण मांडले आणि एकेका राज्यामागे एकेक माणूस लावला. लिंकन स्वतः स्प्रिंगफील्डला. माझ्या नावाने कोणताही सौदा करू नका, असा त्याचा निरोप आला. तो वाचून या मंडळींनी काय केले, याबद्दल इतिहासकार आजही वाद घालतात. कॅमेरॉनला मंत्रिपदाचा शब्द दिला गेला, असे बहुतेकांचे मत आहे.

सतरा तारखेच्या संध्याकाळी पक्षाचा जाहीरनामा मंजूर झाला, तेव्हा सिवर्डची माणसे मतदान उरकून घ्यायला उतावीळ होती. त्या क्षणी मत घेतले असते तर बहुधा सिवर्ड निवडला गेला असता. पण मते टिपायचे छापील तक्ते तयार नव्हते. थोडा वेळ थांबायचे की उद्या यायचे? दिवसभराच्या उकाड्याने आणि भुकेने हैराण झालेल्या सभेने उद्या ठरवले. अमेरिकेचा इतिहास छापखान्याच्या विलंबावर फिरला, असे म्हणायचा मोह होतो. एवढे खरे, की विरोधकांना एक रात्र मिळाली. मध्यरात्री ग्रीलीने आपल्या वृत्तपत्राला तार केली, की सिवर्डचे विरोधक एक होत नाहीत, त्यामुळे तोच येणार. त्याच रात्री पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, इंडियाना आणि इलिनॉय या चार राज्यांची मंडळी एका खोलीत बसून आपल्याकडे कोण चालेल याचा हिशेब करत होती.

सकाळी सिवर्डचे समर्थक बँड लावून मिरवणुकीने निघाले. ते मंडपाशी पोचले तेव्हा आत जागाच नव्हती. रातोरात जादा तिकिटे छापून लिंकनच्या माणसांनी प्रेक्षकांचे सज्जे भरून टाकले होते, आणि दणकट आवाजाची माणसे मुद्दाम हुडकून आणून बसवली होती. हे काही सोवळे राजकारण नव्हे. आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्या निवडणुका ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना यात अनोळखी असे काही वाटणार नाही.

जिंकायला २३३ मते हवी होती. पहिल्या फेरीत सिवर्डला साडे१७३, लिंकनला १०२, कॅमेरॉनला साडे५०, चेसला ४९ आणि बेट्सला ४८. दुसऱ्या फेरीत पेनसिल्व्हेनियाची ४८ मते लिंकनकडे वळली आणि सभागृहात एकच गलका झाला: सिवर्ड साडे१८४, लिंकन १८१. तिसऱ्या फेरीअखेर लिंकन साडे२३१ वर थांबला. दीड मत कमी. क्षणभर शांतता, मग ओहायोचा डेव्हिड कार्टर खुर्चीवर उभा राहिला आणि त्याने आपल्या राज्याची चार मते चेसकडून लिंकनकडे फिरवल्याचे जाहीर केले. ऑबर्नला सिवर्डच्या अंगणात विजयाची सलामी द्यायला तोफ आणून ठेवली होती. ती उडाली नाही. स्प्रिंगफील्डला एका वृत्तपत्राच्या कचेरीत लिंकनला तार मिळाली. ही बातमी ऐकायला घरी आपल्यापेक्षा कोणी जास्त उत्सुक आहे, असे सांगून तो बायकोकडे गेला.

नोव्हेंबरात हिशेब बरोबर निघाला. चौरंगी लढतीत त्याला एकूण मतांपैकी जेमतेम ४० टक्के पडली, दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्याचे नाव मतपत्रिकेवरही नव्हते, तरी निर्वाचक मते १८० मिळाली. पेनसिल्व्हेनिया, इंडियाना, इलिनॉय पुरती, न्यू जर्सी अर्धीअधिक. शिकागोतल्या लोकांची आकडेमोड शंभर नंबरी ठरली.

आकडेमोड ठरली, पण माणसांबद्दलचे अंदाज? निवडणुकीनंतर दक्षिणेतली राज्ये संघराज्यातून फुटू लागली; २० डिसेंबरला दक्षिण कॅरोलिना, आणि मार्चमध्ये शपथविधी होईपर्यंत एकूण सात. या हिवाळ्यात जहाल म्हणून डावललेला सिवर्ड तडजोडीसाठी धावपळ करत होता. आणि मवाळ म्हणून निवडलेला लिंकन स्प्रिंगफील्डहून पत्रे धाडत होता, की बाकी कशावरही बोला, पण नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू देण्यावर तडजोड नाही. म्हणजे तोलली गेली ती दोघांची दोन-चार भाषणे. आतला माणूस तराजूत आलाच नव्हता. योग्य माणूस निवडला गेला, पण ज्या कारणांसाठी निवडला त्यांतले मोठे कारण चुकीचे होते. मला त्या प्रतिनिधींची कीव येत नाही. समितीपुढे कागदच येतात. आणि समितीतून जी फाइल सुखरूप बाहेर पडते ती बहुधा सर्वांत चांगली नसते, जिच्यावर कोणी लाल शाईने काही लिहिलेले नसते ती असते.

यानंतर लिंकनने जे केले ते कुठल्याच समितीने सुचवले नसते. तोलणारे घरी गेले आणि आता तो स्वतः तोलायला बसला. सिवर्डला परराष्ट्र खाते, चेसला अर्थ खाते, बेट्सला कायदा, कॅमेरॉनला युद्ध. पराभूत झालेले चौघेही मंत्रिमंडळात. यातला प्रत्येक जण स्वतःला अध्यक्षाहून लायक समजत होता आणि पहिल्याच महिन्यात त्याचा प्रत्यय आला. १ एप्रिल १८६१ ला सिवर्डने लेखी टिपण दिले, की सरकारला धोरण नाही, परकी राष्ट्रांशी भांडण उकरून देश एक करावा, आणि ते काम करायला आपण तयार आहोत. दुसरा कोणी असता तर राजीनामा मागितला असता. लिंकनने शांतपणे कळवले, की जे करायचे ते मलाच करावे लागेल, आणि ते टिपण कोणाला दाखवले नाही. सिवर्ड त्या दिवसापासून बदलला. थोड्याच काळात तो लिंकनचा सर्वांत जवळचा मित्र झाला. जुलै १८६२ मध्ये गुलाममुक्तीच्या घोषणेचा मसुदा मंत्रिमंडळापुढे आला, तेव्हा रणांगणावर एखादा विजय मिळेपर्यंत थांबावे, नाहीतर ती असहायतेची आरोळी वाटेल, हा सल्ला सिवर्डचाच. लिंकनने तो मानला. सप्टेंबरात अँटिटमची लढाई झाली, पाच दिवसांनी घोषणा झाली आणि १ जानेवारी १८६३ ला ती अमलात आली.

कॅमेरॉनच्या बाबतीत लोकांची शंका खरी ठरली. युद्ध खात्यातल्या खरेदीचा बोभाटा झाला आणि जानेवारी १८६२ मध्ये त्याला वकील म्हणून रशियाला पाठवण्यात आले. त्याच्या जागी एडविन स्टँटन. १८५५ मध्ये सिनसिनाटीच्या एका मोठ्या पेटंट खटल्यात याच स्टँटनने लिंकनला सहकारी वकील म्हणून शेजारी बसूही दिले नव्हते. युद्ध चालवायला त्याच्याइतका कामाचा माणूस नाही, एवढेच लिंकनने पाहिले.

चेस शेवटपर्यंत सुधारला नाही, आणि तरी कामाचा राहिला. युद्धाचा खर्च त्याने उभा केला, १८६३ चा राष्ट्रीय बँकांचा कायदा त्याच्याच कारकिर्दीतला. १८६२ च्या एक डॉलरच्या नोटेवर त्याने चित्र छापले ते स्वतःचे. डिसेंबर १८६२ मध्ये त्याने सिवर्डविरुद्ध सिनेटरांचे कान भरले, तेव्हा लिंकनने सिनेटर आणि मंत्री यांना एकाच खोलीत समोरासमोर बसवले. चेसला सगळ्यांदेखत आपले शब्द गिळावे लागले. सिवर्डचा राजीनामा आधीच आला होता, दुसऱ्या दिवशी चेसचाही आला. लिंकनने दोन्ही ठेवून घेतले आणि एकही स्वीकारला नाही.

या युद्धाची झळ, आणि त्याआधी ऊबही, आपल्या मुंबईला लागली होती. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाल्यावर लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेश-गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून मुंबईत शेअर्सचा जुगार माजला, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, कापूस कोसळला आणि १ जुलैला मुंबईच्या बाजारात हाहाकार उडाला. प्रेमचंद रायचंदसारखा कोट्यधीश धुळीला मिळाला. ज्या बँक ऑफ बॉम्बेने शेअर्सच्या तारणावर कर्जे वाटली, तिचेही पुढे दिवाळे वाजले. आमच्या व्यवसायात नव्या मुलांना शिकवायला याहून चांगला धडा नाही. दुसरा दुवा पुण्याचा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले, ते काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून.

१८६४ मध्ये उमेदवारीचा तराजू पुन्हा लटकला. युद्ध लांबले होते, माणसे मरत होती. पक्षातलेच लोक लिंकनला बदलायच्या गोष्टी बोलत होते, आणि त्याच्याच मंत्रिमंडळात बसून चेस उमेदवारीची खटपट करत होता. त्याच्या बाजूचे एक गुप्त पत्रक फेब्रुवारीत वृत्तपत्रांत फुटले, तरी लिंकनने त्याला लगेच काढले नाही. उमेदवारी लिंकनलाच मिळाली आणि जूनअखेर चेसने नेहमीप्रमाणे रुसून राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला. चेसला हे अपेक्षित नव्हते. डिसेंबरात सरन्यायाधीशाची जागा भरायची होती. इच्छुक पुष्कळ होते, त्यांत बेट्सही होता. चेसने आपल्याला किती त्रास दिला हे लिंकनला कोणी सांगायची गरज नव्हती. पण गुलाममुक्तीचा निर्णय उद्या न्यायालयात आला तर तो उचलून धरील असा माणूस त्या खुर्चीत हवा होता. ती चेसला दिली गेली. ४ मार्च १८६५ ला लिंकनला दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ दिली ती त्यानेच.

त्यानंतर सहा आठवडेही झाले नाहीत. १४ एप्रिलच्या रात्री नाटकगृहात लिंकनला गोळी लागली आणि सकाळी तो गेला. त्याच रात्री, त्याच कटातल्या दुसऱ्या माणसाने सिवर्डच्या घरात शिरून अंथरुणावर पडलेल्या सिवर्डवर सुऱ्याने वार केले. तो वाचला, गालावरच्या खुणा मात्र जन्मभर राहिल्या. दोन वर्षांनी त्याने रशियाकडून अलास्का ७२ लाख डॉलरला विकत घेतला. चेसचे डोळे १८६८ मध्येही अध्यक्षपदावर होते, या वेळी डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीकडे. दुसऱ्यांची मृत्युपत्रे करून देणाऱ्या लिंकनने स्वतःचे केले नव्हते. त्याची मालमत्ता सांभाळण्याचे काम मुलाच्या विनंतीवरून डेव्हिड डेव्हिसकडे आले. तो तोवर सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाला होता, लिंकननेच नेमलेला. अडीच वर्षांनी त्याने हिशेब पुरा केला, तेव्हा विधवा आणि दोन मुलांत वाटायला १ लाख १० हजार डॉलर निघाले. या कामाचा मेहनताना डेव्हिसने घेतला नाही.